नवव्या वळणावरचा पाय

"सरका रे, मागं सरका! बुवांना हात हलवायला तरी जागा ठेवा!"

नवव्या वळणावर त्या दुपारी हिंटरग्रुबचं निम्मं गाव लोटलं होतं. रस्त्याच्या मधोमध त्सेन्झीआजींची जुनी हिरवी गाडी बंद पडलेली, आणि तिच्यामागे चढावर खोळंबलेल्या गाड्यांची रांग. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. दरीच्या काठावर पोस्टमन व्हेन्डेलच्या नावाचा लाकडी क्रूस. फार वर्षांपूर्वी, बर्फावरून घसरून, व्हेन्डेलची गाडी इथूनच खाली गेली होती.

गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यावर पितळेचा लंबक धरून क्विरिनबुवा उभे होते. हा गृहस्थ वसंतात गावात आला तो विहिरीसाठी पाणी शोधायला. हातात हेझलच्या झाडाची बेचकी घेऊन दोन कुरणं हिंडला आणि तिसऱ्यात पाणी लागलं. या डोंगरात खणाल तिथं पाणी लागतं, हे कुणी म्हणालं नाही. तेव्हापासून बुवांचा मुक्काम काही हलला नव्हता. आज या घरचं धुरी दिलेलं मांस, उद्या त्या घरचं चीज, असं त्यांचं मजेत चाललं होतं.

रांगेतल्या चौथ्या गाडीतून नोटबुर्गा उतरली. गाव तिला बुर्गी म्हणायचं. ती गुरांची डॉक्टर.

"आजी, लागलं नाही ना कुठं?"

"अगं, काय सांगू बुर्गी!" त्सेन्झीआजी रस्त्याकडेला दगडावर बसल्या होत्या. "वळणावर पहिला गिअर टाकायला क्लच दाबला, तर पॅडल खाली गेलं ते गेलंच! पाय काढला तरी वर येईना. खालून कुणीतरी ओढून धरल्यासारखं. गाडीनं आचके दिले, बंद पडली, आणि मागं घरंगळायला लागली. त्या क्रुसाकडं गं! हँडब्रेक हाताला लागला म्हणून वाचले."

"कुणीतरी नाही, आजी," बुवा लंबकावरची नजर न काढता म्हणाले. त्यांचा आवाज खोल, चर्चच्या तळघरातून आल्यासारखा. "व्हेन्डेलच. या वळणाखालून काळ्या पाण्याची नस जाते. त्या नसेनं त्याला नेलं आणि अडकवून ठेवलं. तो एकटा पडलाय. त्याला सोबत हवीय. वरून गाडी गेली की तो पाय धरतो."

गर्दीतून एक बारीक हुंदका आला. बायकांनी छातीवर क्रूस काढले. पुरुषांनीही काढले, जरा खालच्या बाजूला, कुणाला दिसू नये असे.

मग बुवांनी खिशातून काळसर तेलाची बाटली काढली. बॉनेटखालच्या छोट्या पांढऱ्या डबीचं झाकण उघडून तिच्यात ते तेल ओतलं. तेलात घातलेल्या ज्युनिपरच्या पाल्याचा उग्र वास हवेत पसरला.

"बसा आता गाडीत. संकटाला धावून येणाऱ्या चौदा संतांची नावं घ्यायची. एकेका नावाला पॅडल एकदा दाबायचं आणि सोडायचं. श्रद्धेनं! श्रद्धा कमी पडली तर माझा इलाज नाही."

बघा, बुवांनी पळवाट आधीच खोदून ठेवली होती.

आजींनी डोळे मिटून नावं घ्यायला सुरुवात केली. पहिल्या काही नावांना काहीच झालं नाही. मग पॅडल किंचित वर आलं. पुढच्या नावाला आणखी थोडं. शेवटच्या संतापर्यंत ते चांगलं घट्ट, पार वर येऊन उभं राहिलं. आजींनी गिअर टाकला, गाडी चढाला लागली, आणि लोकांनी असा काही श्वास सोडला की कातळावरची पाखरं उडाली.

बुर्गीच्या अंगावरही काटा आला. नाही म्हणून कसं चालेल? डोळ्यांदेखत मेलेलं पॅडल जिवंत झालं होतं. गाडीत बसताना तिनंही त्या क्रुसाकडे पाहायचं टाळलं.

डोंगरातल्या काळ्या दगडातून निघणारं तेल इकडे पिढ्यान्‌पिढ्या घराघरात असतं. गुडघा धरला, चोळ तेल. गाईची कास सुजली, चोळ तेल. आजोबांना झोप येत नाही, तळपायाला तेल. मग गाडीनंच काय घोडं मारलं होतं? बुवांनी मंतरलेलं तेल म्हटल्यावर तर विचारायलाच नको. आठवड्याभरात हिंटरग्रुबमधल्या बहुतेक गाड्यांच्या पांढऱ्या डबीत ते जाऊन बसलं. पॅडल गेलं म्हणून नाही, जाऊ नये म्हणून.

आणि गवत कापणीच्या सुमाराला एकेक पॅडल खाली जायला लागलं.

आधी सुताराचं, मग खाणावळवाल्याचं, मग बँडमास्तरांचं. सगळ्यांचं नवव्या वळणावरच! गाव हादरून गेलं. खाली दरीतल्या बाजाराला जायचं म्हटलं की लोक आदल्या दिवसापासून गप्प होत. नवरा खालून परत येईपर्यंत बायका खिडकीतून हलत नसत. पोरं खेळताना एकमेकांचा पाय धरून किंचाळायची आणि मग खरंच रडायची. बुवा म्हणाले, "व्हेन्डेलची भूक वाढलीय. तेल वाढवा." लोकांनी वाढवलं. कुणीतरी गॅरेजचं नाव काढलं, तर बुवांनी डोळे वटारले. चाळीस दिवस परक्या पान्याचा स्पर्श झाला तर तेलाचा गुण जाईल!

पाद्रीबाबांना तीन गावं सांभाळायची असत, ते कधीतरीच वर येत. त्यांना विचारलं तर ते हसले. "मी पवित्र पाणी बॉनेटवर शिंपडतो बाबांनो, बॉनेटच्या आत ओतत नाही." पण भ्यालेल्या माणसाला विनोद कळत नाही.

बुर्गीच्या घरीही तीच गत होती. तिचा नवरा लेनहार्ट गावाची नऊ जणांची छोटी बस चालवायचा. सकाळी पोरांना खालच्या शाळेत न्यायचं, दुपारी आणायचं. त्यांची मुलगी आफ्रा त्याच बसमध्ये, बरोबर त्याच्या मागच्या सीटवर.

"तू त्या डबीत काही घालू नकोस हं," एकदा जेवताना बुर्गी म्हणाली. "गाडीचं औषध गाडीवाल्याला विचारावं. खाली गॅरेजात दाखव."

"आणि वाटेत नववं वळण कोण ओलांडणार? तू?" लेनहार्टनं चमचा आपटला. "तुला काय जातंय बोलायला! एकटीच फिरतेस. माझ्या पाठीशी सात पोरं असतात. त्या वळणावर माझ्या तळहाताला घाम सुटतो, बुर्गी. मी गाणं म्हणतो, पोरांना कळू नये म्हणून."

बुर्गीला त्याची कणव आली, त्यामुळे ती पुढे काही बोलली नाही. तिथंच चुकलं तिचं.

जुलैमध्ये प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत ख्रिस्तोफरचा रविवार येतो. त्या दिवशी खालच्या चर्चसमोर सगळ्या गाड्या ओळीनं लावतात आणि पाद्रीबाबा त्यांना आशीर्वाद देतात. यंदा वरच्या गावातली पोरं तिथं गाणार होती. लेनहार्टची बस पोरांना घेऊन सगळ्यांत पुढे निघणार आणि निघण्यापूर्वी चौकात बुवा तिच्यावर लंबक फिरवणार, असं ठरलं होतं.

त्या सकाळी बुर्गी गावाच्या वर, त्सेन्झीआजींच्या गोठ्यात होती. गाईची कास दगडासारखी झाली होती. बुर्गीनं सवयीनं पिशवीतून काळं तेल काढलं, तशी आजी ओरडल्या,

"अगं ए! आधी मशीननं दूध काढून घेऊ दे! तेल लावलेल्या सडाला मशीन लावलं तर सडावर बसणाऱ्या कपातल्या रबराची वाट लागते. आमच्या पोरीनं मागं तेच केलं. हे बघ." त्यांनी फळीवरून रबराची एक नळी काढून तिच्या हातात दिली. "नवी कोरी होती. आता कपात जाते का बघ."

बुर्गीनं नळी दाबली. जुन्या अळंबीसारखी ती फुगून लिबलिबीत झाली होती, बोटाखाली चिरत होती. गावात कुठल्याही गोठ्यात विचारा, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तेल आणि रबर यांचं जमत नाही.

बुर्गीचा हात तसाच थांबला.

क्लच म्हणजे तरी काय? परवान्याच्या परीक्षेला पाठ केलेलं तिला आठवलं. दोन पिचकाऱ्या, मध्ये एक बारीक नळी. इकडची पिचकारी पायानं दाबायची, नळीतला द्रव सरकतो आणि तिकडची पिचकारी क्लचला ढकलते. तिच्या पिशवीतल्या इंजेक्शनच्या सिरिंजसारखंच. आणि सिरिंजच्या दट्ट्याला रबर असतं. ते रबर धड नसलं तर द्रव कडेनं मागे पळतो आणि दट्ट्या नुसताच आत जातो.

खाली जातो आणि वर येत नाही.

"आजी," ती सावकाश म्हणाली, "बुवांचं तेल ज्यांनी घातलं नाही, अशा कुणाची गाडी बिघडली का हो?"

"माझीच की! मी कुठं घातलं होतं तेव्हा?"

"तुमची सोडून. तुमच्या गाडीला तर खालच्या गॅरेजवाल्यानं गळती आहे म्हणून सांगितलं होतं ना? डबी रिकामी झाली असेल. तीत काहीही ओतलं असतं, बिअर ओतली असती, तरी चौदा वेळा पंप मारल्यावर पॅडल वर आलंच असतं. बाकीच्यांचं सांगा."

आजींनी बोटांवर मोजत आठवून पाहिलं. शाळामास्तरीण, तिनं तेल घातलं नव्हतं, तिची गाडी ठणठणीत. म्हातारा लाकूडतोड्या, तो बुवाला शिव्या देतो, त्याचीही ठणठणीत. सुतार, खाणावळवाला, बँडमास्तर, सगळे तेलवाले. आजींचं बोट हवेतच राहिलं.

"अगं बाई! म्हणजे रोग आधी नव्हताच? औषधानंच..."

बुर्गी ऐकायला थांबलीच नाही. ती बाहेर पळाली आणि तिनं स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं. ती पांढरी डबी. तिच्या कुशीतून एक बारीक नळी क्लचकडे गेलेली. आणि डबी बसवलेली कशावर? तिनं वाकून पाहिलं. डबी बसवलेली होती ब्रेकच्या सिलिंडरवर.

एकच डबी. क्लचही तिच्यातूनच पिणार, ब्रेकही तिच्यातूनच पिणार. क्लचचं रबर फुगलं की ब्रेकचंही फुगणारच. आज नाही तर उद्या. आणि क्लच गेला तर गाडी चढावर थांबते. ब्रेक गेला तर ती उतारावर थांबत नाही.

झाकणावर ठसठशीत अक्षरं होती: फक्त ब्रेक फ्लुइड. अख्ख्या गावात कुणी ती वाचली नव्हती. तिनं झाकण फिरवलं आणि ज्युनिपरचा वास तिच्या नाकात शिरला.

लेनहार्टनं तिच्याही गाडीत तेल घातलं होतं. न सांगता. ती सुखरूप राहावी म्हणून!

"आजी!" तिचा आवाज फाटला. "लेनहार्टनं बसमध्ये घातलंय का?"

"अगं, त्यानं तर सगळ्यांच्या आधी! तुला सांगू नको म्हणाला, रागावशील म्हणून..."

खालच्या चौकात बँड सुरू झाला. म्हणजे बस निघायच्या बेतात. बुर्गीनं फोन लावला. वाजला, वाजला, त्या ढोलांपुढे कोण ऐकतंय? गाडीत बसायची तर हिंमत होईना. तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि कापलेल्या कुरणातून सरळ खाली धावत सुटली. एकदा पडली, गुडघा फुटला, उठली. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरच्या दोन वेण्या.

"देवा, थांबव रे त्यांना," ती पुटपुटत होती. मग तिलाच राग आला. देव कशाला थांबवेल, आपणच धावायला हवं!

चौकात बस फुलांच्या हारांनी सजली होती. पोरं आत बसलेली, पांढऱ्या सदऱ्यांत. बुवांचा लंबक बॉनेटवर गरगरत होता आणि लेनहार्ट टोपी हातात धरून उभा होता.

"...आणि ही बस आता व्हेन्डेलच्या पायाला चुकवून, पक्ष्यासारखी, खाली..."

"पोरांना उतरवा!" बुर्गी ओरडली.

बँड एकेका वाद्यानं बंद पडला. गुडघ्यातून रक्त वाहतंय, केसांत गवत, धापा टाकतेय, अशी डॉक्टरीण गावानं कधी पाहिली नव्हती.

"लेनहार्ट, पोरांना उतरव. ब्रेक जाणार आहेत. त्या तेलानं रबर फुगतं. क्लचचं फुगलंय, आता ब्रेकचं..."

"बुर्गी, लोक बघतायत," लेनहार्ट दबक्या आवाजात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"बघू देत!"

बुवा मंद हसले. "डॉक्टरीणबाई, तुम्ही गाईंचं बघा. हा सूक्ष्माचा विषय आहे. तेलात स्पंदनं असतात. शंका घेतली की उलटतात."

"बुवा बरोबर बोलतायत!" सुतार म्हणाला. "पोरं खाली जायच्या वेळी अभद्र कशाला बोलता? व्हेन्डेल ऐकतोय."

चार-दोन जण पुढे सरकले, तिला बाजूला घ्यायला. बुर्गीला भीती वाटली, खरीखुरी. हीच माणसं रात्री-अपरात्री तिच्या दारात येतात, गाय अडलीय म्हणून रडतात. आज तीच तिच्याकडे चेटकिणीकडे पाहावं तशी पाहत होती.

तिनं पिशवीतून मोठी सिरिंज काढली, बसचं बॉनेट वर करून वाकली आणि पांढऱ्या डबीतला द्रव ओढून घेतला. सिरिंज उंच धरली. "बघा. खाली पिवळा, वर काळा. मिसळतच नाहीत. ब्रेक फ्लुइड दिसतं तेलासारखं, पण तेल नव्हे. आणि आतलं रबर तेलासाठी केलेलं नाही." डबीच्या झाकणाखालचं रबराचं पातळ अस्तर तिनं ओढून काढलं. ते फुगून, सुरकुतून भजं झालं होतं. "हे झाकणात परत बसवून दाखवा कुणीतरी."

बँडमास्तरांनी प्रयत्न केला. बसेना.

तेवढ्यात त्सेन्झीआजी, कुरणाच्या वाटेनं, कुणाच्या तरी घोड्यावर बसून पोचल्या. उतरल्या न उतरल्या तोच त्यांनी एप्रनमधून गोठ्यातली ती नळी काढली आणि अस्तराशेजारी धरली. "ओळखा पाहू कुठलं कशाचं! अरे मेल्यांनो, गोठ्यात पोरानं सडाला तेल लावून मशीन जोडलं तर कानफटात देता ना? मग गाडीच्या वेळी अक्कल कुठं गहाण टाकली? माझीही टाकली होती, म्हणून बोलतेय."

गर्दीत कुजबुज झाली. बुवांनी लंबक वर उचलला. "रबर गोठ्यातलं! गाडी गोठ्यातली आहे का? बस चौकात उभी आहे, ब्रेक दाबून बघा की! पायाला कळेल."

"हो," लेनहार्ट म्हणाला. त्याला हे सगळं लवकर संपवायचं होतं. "पायाला कळेल." तो बसमध्ये चढला, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला. "घट्ट आहे! बुर्गी, ब्रेक घट्ट आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आफ्रानंही मागून वाजवल्या.

"पाय काढू नकोस," बुर्गी म्हणाली. "तसाच दाबून धर. वळणावर धरतोस तसा."

लेनहार्टनं धरला. काही झालं नाही. बुवा हसले. मग लेनहार्टच्या कपाळावर आठी पडली. त्यानं खाली पायाकडे पाहिलं. आणखी थोडा वेळ गेला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"खाली चाललाय," तो म्हणाला.

"काय?"

"पाय. खाली चाललाय. मी जोर वाढवला नाहीये. सावकाश... अजून..." त्याचा गुडघा सरळ होत गेला. पॅडल तळाला टेकल्याचा बारीकसा आवाज सगळ्या चौकानं ऐकला.

"संतांची नावं घ्या!" बुवा ओरडले. "नावागणिक दाबा!"

लेनहार्टनं धडाधड पॅडल मारलं. ते वर आलं, घट्ट झालं. "आलं! आलं!" गर्दी किंचाळली.

"येणारच," बुर्गी म्हणाली. "पंप मारला की कुठलंही येतं. तेवढाच त्या चौदा नावांचा चमत्कार. आता परत दाबून धर. उतारावर, पोरं मागं असताना, चौदा वेळा पाय उचलायची सवड कोण देणार तुला?"

त्यानं दाबून धरलं. पॅडल पुन्हा सावकाश खाली गेलं. सपाट चौकात, भर उन्हात. इथं वळण नव्हतं, क्रूस नव्हता, दरी नव्हती.

"व्हेन्डेल इथं नाहीये, लेनहार्ट," बुर्गी हळू म्हणाली. "तो तिथंही नव्हता. त्या वळणावर प्रत्येकाला पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरावा लागतो. म्हणून तिथं पॅडल बसायचं."

लेनहार्टनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला. त्यानं मागचं दार उघडून आफ्राला उचललं आणि आठ वर्षांच्या त्या पोरीला तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून उभा राहिला. बाकीची पोरं आयांनी ओढून घेतली.

"चौकाखालूनही एक नस जाते," बुवा घसा खाकरून म्हणाले, "मला आत्ताच जाणवतंय..."

"तुमची गाडी तर वसंतापासून याच चौकात उभी असते की हो, तिचं पॅडल कसं गेलं नाही?" त्सेन्झीआजी म्हणाल्या. "बुर्गी, उघड गं बुवांचं बॉनेट."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही!"

पण सुतारानंच बॉनेट उघडलं. मघाशी बुर्गीला बाजूला करायला आलेला तोच सुतार. नवी सिरिंज भरून आली ती स्वच्छ, फिकट पिवळी, काळ्याचा ठिपका नाही. ज्युनिपरचा वासही नाही. गावाच्या गाड्यांत बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करणाऱ्या माणसानं आपल्या गाडीत थेंब घातला नव्हता.

"मी... मला संरक्षण आतूनच आहे," बुवा म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग सुतारानं त्यांची कॉलर धरली, आणि बुर्गी मध्ये पडली नसती तर ख्रिस्तोफरच्या रविवारी भलतंच झालं असतं. पोलीस खालून येईपर्यंत त्यांना खाणावळीत बसवून ठेवलं. तिथंही त्यांनी जेवण मागितलं म्हणे!

बुर्गी बसच्या पायरीवर बसली. लोक तिच्याभोवती जमले, काहीजण माफी मागायला, काही नुसतेच.

"मला माफीबिफी नको," ती म्हणाली. "गाय आजारी पडली की तुम्ही मला काय सांगता? कधीपासून पडली, काय खाल्लं, शेजारच्या गाईला झालंय का. मी न विचारता सांगता. मग गाडीपाशी हे प्रश्न कुठं गेले? भीती वाटली, ठीक आहे, मलाही वाटली. पण घाबरल्यावर तर जास्तच विचारायला हवं ना? तुम्ही विचारणं सोडलंत. बुवाला दुसरं काय हवं होतं?"

पोरं खालच्या चर्चला चालत गेली, जंगलातल्या पायवाटेनं, आणि उशिरा पोचून बेसूर गायली. पुढचे काही दिवस खालच्या गॅरेजची क्रेनगाडी एकेक करून हिंटरग्रुबच्या गाड्या आकड्याला लावून नेत होती. आतलं सगळं रबर, सगळ्या नळ्या बदलायला लागल्या.

आणि जिथं गाव संपून उतार लागतो तिथं, रस्त्याच्या मधोमध, लेनहार्ट उभा असायचा. बस नव्हती, तर त्यानं खाली जाणाऱ्या गाड्या अडवायचं काम धरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी वरच्या वाडीतला एक शेतकरी गाडी घेऊन आला. काच खाली करून म्हणाला, "अरे, मी थेंबभरच घातलंय. बाजारात जाऊन येतो, जाऊ दे."

"मागं कोण आहे?"

"बायको, पोरं."

"माझं ऐकू नकोस," लेनहार्ट म्हणाला. "बुवाचं ऐकलंस, तसं आता माझंही ऐकू नकोस. इंजिन चालू ठेव, ब्रेक दाबून धर आणि मोजत राहा. पाय उचलायचा नाही. पाय काय सांगतो ते तुझं तूच बघ."

शेतकऱ्यानं वैतागून ब्रेक दाबला आणि मोठ्यानं मोजायला लागला. वीसपर्यंत त्याचा आवाज चढा होता. तीसनंतर तो बारीक झाला. चाळिशीच्या पुढे कुठंतरी तो मोजायचा थांबला, त्यानं इंजिन बंद केलं आणि बुटाखाली तळाला टेकलेल्या पॅडलकडे पाहिलं. मग मागे वळून बायकोला म्हणाला, "उतरा सगळे. चालत जाऊ."